सायकल सल्ला : घाटाच्या तोंडाशीच चेन पडते

प्रश्न : नमस्कार. मी साताऱ्यात राहते. मागच्या वर्षी वापरलेली रोड बाइक घेतली, शिमानो टियाग्रा, 10 स्पीड. तिला पुढे 52 आणि 39 दातांच्या दोन रिंगा होत्या. यवतेश्वरचा घाट चढताना गुडघ्यांवर फार ताण यायचा, म्हणून एका दुकानातून 50-34 चा क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या रिंगा) बसवून घेतला. तेव्हापासून घाट सुरू होताना छोट्या रिंगवर यायला गेले की चेन एक तर येतच नाही, नाही तर थेट आत पडते आणि फ्रेमवर घासते. एका मित्रानं कुठला तरी स्क्रू आवळून दिला. पडायची थांबली, पण मग छोट्या रिंगवर उतरेचना. दुसऱ्यानं तोच स्क्रू सैल केला, पुन्हा पडायला लागली. हायवेवर मोठ्या रिंगवर असताना घासल्याचा आवाज येतो आणि डावी लिव्हर दाबून बोटं दुखतात. सगळे म्हणतात, पुढची एक रिंग काढून टाक, वन-बाय कर. करू का? की हे घरी नीट होईल?

उत्तर : वन-बाय करू नका. हे घरी नीट होईल, आणि एका दुपारचं काम आहे. तुमच्या दुखण्याचं मूळ तुमच्याच पत्रात आहे. क्रँक बदलला गेला, पण पुढचा डिरेलर, म्हणजे चेनला एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग, जिथं होता तिथंच राहिला असणार.

हिशेब करून पाहा. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर 12.7 मिमी असतं. म्हणजे रिंगवर एक दात कमी झाला की घेर 12.7 मिमीनं कमी होतो आणि त्रिज्या साधारण 2 मिमीनं. 52 ची 50 झाली, तेव्हा मोठ्या रिंगची कड 4 मिमी खाली गेली. चेन डिरेलरच्या ज्या दोन पट्ट्यांमधून जाते ती केज. तिची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दातांच्या टोकांपासून 1 ते 3 मिमी वर असायला हवी. आधी ती बरोबर 2 मिमी वर होती असं धरलं, तर आज 6 मिमी वर आहे. शिवाय 52 वरून 39 वर येताना चेनला 13 दातांचा, म्हणजे 26 मिमीचा उतार होता. 50 वरून 34 वर येताना तो 32 मिमीचा झाला. उडी वाढली आणि धरणारा हात लांब गेला. तुमच्या मित्रांनी फिरवलेल्या स्क्रूचा यात काही दोष नाही, पण त्या स्क्रूनं उंची बदलत नाही.

केज उंचावर असली की ती चेनला मोठ्या रिंगच्या अगदी लगत ढकलू शकत नाही. चेन दातांवर रेंगाळते. तुम्ही चढावर आहात, पेडलवर जोर आहे, चेन अजून उतरत नाही म्हणून आणखी जोर लावता, आणि मग ती एकदम सुटते व 34 च्या पलीकडे जाऊन पडते. म्हणून तुम्हाला दोन्ही तक्रारी एकाच वेळी आहेत : उतरत नाही आणि उतरली की पडते. या जोडीचा अर्थ बहुतेक वेळा उंची किंवा कोन चुकलाय असाच असतो.

पुढच्या गिअरबद्दल एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप उलगडेल. मागचा डिरेलर चेनच्या खालच्या, सैल बाजूवर काम करतो. पुढचा डिरेलर वरच्या बाजूवर काम करतो, आणि ती बाजू तुमच्या पायांच्या जोरानं ताणलेली असते. ताणलेल्या चेनला आडवं ढकलायचं हे अवघड काम आहे. म्हणून पुढच्या डिरेलरला मागच्यापेक्षा चूक कमी चालते, आणि म्हणूनच काम करण्याचा क्रम पाळावा लागतो : आधी उंची, मग कोन, मग आतला स्क्रू, मग वायर आणि शेवटी बाहेरचा स्क्रू. आधीची पायरी चुकलेली असताना पुढच्या पायरीनं ती झाकायला गेलात, की तुमच्या त्या दोन मित्रांसारखं होतं, एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं सैल करायचं.

सामान फार लागत नाही. 5 मिमीची ॲलन की, 2 मिमीची ॲलन की, स्टार स्क्रू-ड्रायव्हर, पकड, मास्किंग टेप, फडकं आणि बॅटरी. मागचं चाक उचलून धरणारा साधा स्टँड असेल तर उत्तम; नसेल तर घरातल्या कुणाला तरी सीट उचलून धरायला सांगा. सायकल उलटी ठेवून हे काम करू नका. लिव्हर जमिनीवर टेकतात, त्या दाबताच येत नाहीत, आणि सगळं उलटं दिसल्यामुळे आत-बाहेरचा गोंधळ होतो. आधी केज आणि तिचे सांधे स्वच्छ पुसा, सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब द्या. केज वाकलेली नाही ना, तेही आताच पाहून घ्या. वरून पाहिल्यावर तिच्या दोन पट्ट्यांमध्ये एखादी पट्टी मध्येच पोटात गेलेली दिसली, तर जुळवणीत वेळ घालवू नका, नवा डिरेलर घ्या.

आता उंची. चेन छोट्या रिंगवर ठेवा. फ्रेमच्या खालच्या नळीवरून जाणारी गिअरची वायर उघडी असेल तर ती हातानं बाहेर ओढा. केज मोठ्या रिंगवर येईल. वायर फ्रेमच्या आतून जात असेल तर पेडल न फिरवता डावी मोठी लिव्हर दाबा. केजची बाहेरची पट्टी बरोबर दातांच्या डोक्यावर आली की बाजूनं बघा. 2 मिमीची ॲलन की त्या फटीत घालून पाहा. ती आतबाहेर सहज खेळत असेल, वर भरपूर जागा उरत असेल, तर माझं निदान बरोबर आहे. वायर सोडा, केज आत जाऊ द्या. डिरेलर फ्रेमला जिथं पकडलाय त्याच्या वरच्या कडेला लागून नळीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. ही तुमची जुनी खूण. आता 5 मिमीच्या ॲलन कीनं पकडीचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा, डिरेलर टेपच्या कडेपासून 4 मिमी खाली सरकवा, आणि बोल्ट हलका आवळून पुन्हा वायर ओढून फट मोजा. ॲलन की हलकीशी घासत आत गेली की उंची जमली. मोठी रिंग हातानं पूर्ण फिरवून पाहा, केज कुठल्याही दाताला टेकता कामा नये.

हे करताना वरून बघून कोनही जुळवा. केजची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगला समांतर हवी. केजचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, बाहेर किंवा आत वळलेलं असेल तर आवाज येतो, आणि स्क्रू कितीही फिरवले तरी जात नाही. हायवेवरचा तुमचा आवाज कदाचित इथूनच येत असेल. एक सांभाळा : बोल्ट पूर्ण आवळताना डिरेलर किंचित फिरतो. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा वरून पाहा, आणि फिरला असेल तर सैल करून तेवढा उलटा धरून आवळा. दोन-तीनदा करावं लागतं. इथं घाई करू नका, बाकीचं सगळं यावर उभं आहे. फ्रेम कार्बनची असेल तर अंदाजानं जोर लावू नका, 5 ते 7 न्यूटन-मीटर पुरे होतात आणि त्यासाठी टॉर्क की वापरा. तुमच्या मॉडेलचं डीलर मॅन्युअल शिमानो इंटरनेटवर फुकट देते, ते एकदा उघडून बघा.

मग वायर डिरेलरपासून पूर्ण सोडा. लोक ही पायरी गाळतात. वायर ताणलेली असताना आतला स्क्रू लावायला गेलात, तर केज स्क्रूमुळे थांबलीय की वायरमुळे, हे तुम्हाला कळणारच नाही. चेन पुढे छोट्या रिंगवर आणि मागे सगळ्यात मोठ्या दात्यांच्या चाकावर घ्या. चेन जास्तीत जास्त आत असते ती याच जोडीत. आता डिरेलरवर L अक्षर असलेला, म्हणजे आतला स्क्रू शोधा. अक्षर मळाखाली दडलेलं असतं, फडक्यानं पुसा. सापडलं नाही तर दोन्हीपैकी एक पाव फेरा फिरवा. जो फिरवल्यावर केज हलते तो L. चेन आणि केजची आतली पट्टी यांच्यात जेमतेम अर्धा मिमी जागा राहील एवढाच तो फिरवा. पेडल फिरवताना चेन पट्टीला लागणार नाही, पण कागदाची घडी घालायलाही अवघड जाईल, इतकी. याच स्क्रूवर चेन आत पडणं न पडणं अवलंबून आहे.

इथं हे लक्षात ठेवा की हे स्क्रू चेन हलवत नाहीत. ते केजला कुठं थांबायचं तेवढं सांगतात. हलवण्याचं काम एका बाजूला वायर करते आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग.

वायर जोडण्याआधी डावी छोटी लिव्हर क्लिक येणं थांबेपर्यंत दाबत राहा, म्हणजे शिफ्टर सगळ्यात सैल जागी येईल. वायरवर बॅरल ॲडजस्टर, म्हणजे तिचा ताण कमीजास्त करणारी फिरकी, असेल तर तो पूर्ण आत पिळून मग दोन फेरे बाहेर काढा. वायर पकडीनं ताणून धरा आणि बोल्टखालच्या खाचेतच बसवा. खाचेच्या दुसऱ्या बाजूनं वायर गेली तरी ती घट्ट बसते, पण ओढण्याचं गणित बिघडतं आणि लिव्हर जड होते. तुमची लिव्हर जड आहे म्हणून हे विशेष पाहा. आवळून झालं की दहा-बारा वेळा गिअर वर-खाली करा, उघडी वायर हातानं एकदोनदा ओढा. आवरणं आपापल्या जागी बसतात आणि वायर थोडी सैल पडते. तेवढी पुन्हा ताणून घ्या.

शेवटी बाहेरचा, H अक्षराचा स्क्रू. पुढे मोठी रिंग, मागे सगळ्यात छोटं चाक. बाहेरची पट्टी चेनपासून पुन्हा तेवढ्याच, अर्ध्या मिमीच्या आत. चेन मोठ्या रिंगवर चढतच नसेल तर लगेच H ला हात घालू नका. लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं केज बाहेर ढकला. ती अजून बाहेर गेली तर वायर सैल आहे. नाही गेली तर H स्क्रू अडवतोय. उलट बाजूलाही अशीच परीक्षा आहे : छोट्या रिंगवर चेन येत नसेल तर वायर सोडून पाहा. केज आत सरकली तर वायर फार ताणलेली होती, नाही सरकली तर L स्क्रू जास्त आवळलाय. या दोन परीक्षा येत असल्या की अंदाजानं स्क्रू फिरवत बसावं लागत नाही.

हायवेवरच्या आवाजाकडे वळू. तो नेमका कधी येतो ते ऐका. मोठ्या रिंगवर असताना मागे सगळ्यात मोठ्या दोन चाकांवरच येत असेल, तर चेन तिरकी ओढली जातेय. डावी छोटी लिव्हर हलकेच, अर्धी दाबा. केज थोडी आत सरकेल आणि चेन मोठ्या रिंगवरच राहील. याला ट्रिम म्हणतात. जोरात दाबलीत तर चेन छोट्या रिंगवर उतरेल, म्हणून आधी स्टँडवर बोटाला सवय करा. आवाज मागच्या सगळ्या चाकांवर येत असेल तर कोन पुन्हा तपासा. आणि पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी ‘खर्र’ होत असेल, तर दोष डिरेलरमध्ये नाहीच. रिंग वाकडी असेल, तिचे बोल्ट सैल असतील किंवा क्रँक नीट आवळलेला नसेल. क्रँक धरून आडवा हलवून बघा. थोडासाही खेळ जाणवला तर आधी तो घालवा, सायकल तोवर चालवू नका. नवा क्रँक बसवलाय, त्यामुळे हे बघणं जरुरीचंच आहे.

लिव्हर जड असण्याचं कारण बहुधा वायर आणि तिचं आवरण. तुमची सायकल वापरलेली आहे, आवरणाचा इतिहास माहीत नाही. गिअरसाठी 4 मिमीचं, आतून लांबीच्या दिशेनं तारा असलेलं आवरण लागतं. ब्रेकचं आवरण 5 मिमीचं असतं, त्यात गोल गुंडाळी असते आणि जोर लावला की ते दबतं. तसलं तुकड्यातुकड्यानं जोडलेलं सापडलं तर काढून टाका. आत 1.2 मिमीची नवी वायर घाला, आवरणाची टोकं काटकोनात कापा आणि आतलं भोक सुईनं मोकळं करा. मग सायकल तिरकी करून क्रँकच्या खाली पाहा. तिथं प्लॅस्टिकची एक मार्गिका असते, तिच्या खाचेतून वायर जाते. कासच्या बाजूला पावसाळ्यात एकदा जाऊन आलात की ती खाच लाल चिखलानं भरते आणि वाळली की वायर त्यातून खरवडत जाते. जुन्या टूथब्रशनं धुऊन काढा. दर पावसाळ्यात एवढं केलंत तरी बोटांचा निम्मा त्रास जाईल. शिफ्टरच्या तोंडाशी वायरचे एकदोन धागे तुटलेले दिसले, तर थांबू नका, लगेच बदला. वायर आत तुटली की तिचं डोकं शिफ्टरमध्ये अडकतं आणि काढायला फार कष्ट पडतात.

चेनही एकदा मोजा. स्टीलच्या पट्टीनं एका पिनेपासून मोजून बारा इंच धरा. चांगल्या चेनची पिन बरोबर 304.8 मिमीवर येते. ती दीड मिमीहून जास्त पुढे गेली असेल तर चेन बदला. झिजलेली चेन आडवी जास्त वाकते आणि पुढचा गिअर ढिला वाटतो.

आता घाट. सायकल कितीही नीट लावली तरी यवतेश्वरच्या पहिल्या चढावर, पेडलवर पूर्ण वजन टाकलेलं असताना, मोठ्या रिंगवरून छोट्या रिंगवर यायचं म्हणजे ताणलेल्या चेनशी झगडा. शहर संपून रस्ता उचलायला लागतो, त्याच्या थोडं आधीच बदला. चेन मागे मधल्या एखाद्या चाकावर असू द्या. सगळ्यात छोट्या चाकावर असेल तर ती सैल असते आणि पडायची शक्यता वाढते. पेडलचा अर्धा फेरा जोर काढून फिरवा आणि त्यातच लिव्हर दाबा. पाय फिरायचे मात्र थांबवू नका.

समजा तुम्ही 50-19 वर, म्हणजे पुढे 50 आणि मागे 19 दातांवर आहात. तिथं गुणोत्तर 2.63. छोटी रिंग घेतलीत की ते एकदम 34-19, म्हणजे 1.79 होतं, आणि पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात. तुमच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या संचाला, 19 च्या आधी 17 आणि 15 असेल, तर पुढचा गिअर उतरताच मागे दोन क्लिक जड करा. 34-15 वर 2.27 मिळतं. वेग तुटत नाही, आणि चढ वाढला की पुन्हा मागे हलकं करत जा. सपाट रस्त्यावर दोन्ही हातांनी ही जोडी आधी घोटवा. ती अंगवळणी पडली की घाटाच्या तोंडाशी दचकायला होत नाही.

आणि तरीही कधी चेन आत पडलीच तर लगेच जोर थांबवा. डावी मोठी लिव्हर दाबून चेन मोठ्या रिंगकडे बोलवा आणि पेडल अगदी हलकेच फिरवा. पुष्कळदा केज चेनला उचलून रिंगवर ठेवते आणि उतरावंही लागत नाही. चेन अडकल्यासारखी वाटली तर मात्र पाय लावू नका, उतरून हातानं काढा. फ्रेम कार्बनची असेल तर जोरानं ओढलेली चेन ती खरवडते. आतल्या बाजूला चेन अडवणारा छोटासा कॅचर मिळतो. तो लावायला माझी हरकत नाही, पण वरचं सगळं झाल्यावर. आधी लावलात तर दोष झाकला जाईल.

राहिला वन-बायचा प्रश्न. समजा मागे 11-28 ची कॅसेट आहे. तुमचा सगळ्यात हलका गिअर 34-28, म्हणजे 1.21. सगळ्यात जड 50-11, म्हणजे 4.55. पुढे एकच 42 ची रिंग आणि मागे 11-34 लावलीत तर हलका गिअर 1.24 मिळेल, म्हणजे घाटासाठी काहीच कमावलं नाही, आणि जड बाजूला 3.82 वर थांबाल. त्यातून दोन गिअरमधली अंतरं वाढतील, रिंग, कॅसेट आणि बहुधा मागचा डिरेलरही नवा घ्यावा लागेल. डोंगरात चालवणाऱ्या ग्रॅव्हल सायकलला वन-बाय शोभतो. साताऱ्यात राहून एका बाजूला हायवे आणि दुसऱ्या बाजूला घाट असलेल्या माणसाला पुढे दोन रिंगांचाच फायदा आहे.

वरचं सगळं जमल्यावरही यवतेश्वर जड वाटला, तर खर्च कॅसेटवर करा. मागे 32 चं चाक असलेली कॅसेट घेतलीत तर 34-32, म्हणजे 1.06 मिळतं, आणि गुडघ्यांना तो फरक कळतो. घेण्याआधी मागच्या डिरेलरवरचा मॉडेल नंबर पाहा आणि तो किती दातांपर्यंत पेलतो हे मॅन्युअलमध्ये तपासा. छोट्या केजचा डिरेलर असेल तर 32 चालेलच असं नाही. आणि कॅसेट मोठी घेतली की चेनची लांबीही नव्यानं मोजून घ्यायची, जुनीच चेन ओढूनताणून चालवायची नाही.